निखाऱ्यांभोवतीची बैठक

शेकोटी पेटवावयास बांधकाम कशाला हवे? चार काटक्या, मूठभर पातेरा आणि आगपेटीतील एक काडी एवढ्यावर काम भागते. चर्चच्या आवारात शेकोटीसाठी गोल खड्डा आणि त्याभोवती दगडी बैठक बांधण्याचा विषय आमच्या धर्मग्रामाच्या सभेत निघाला, तेव्हा एका वयोवृद्ध सभासदाने हाच प्रश्न केला. दुसऱ्याने त्यापुढे जाऊन विचारले की, ज्या वसईत डिसेंबर-जानेवारीचे मोजके दिवस सोडले तर शालही पेटीतून बाहेर निघत नाही, तेथे शेकोटीचा कट्टा ही निव्वळ हौस नव्हे काय? तो पैसा गरिबांच्या उपयोगी आणावा. दोन्ही प्रश्न रास्त होते. त्यांची उत्तरे शोधताना जे सुचले आणि पुढे दोन हिवाळ्यांत जे दिसले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ख्रिस्तसभेच्या उपासनेत अग्नीला मानाचे स्थान आहे. पवित्र शनिवारच्या रात्री मंदिराबाहेर नवा अग्नी पेटविला जातो, त्याला आशीर्वाद दिला जातो आणि त्याच अग्नीवर पास्काची मेणबत्ती उजळून आपण अंधाऱ्या मंदिरात प्रवेश करतो. आज हे आपल्याला स्वाभाविक वाटते. परंतु कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळीच उरकला जात असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली तो रात्री करण्यास प्रायोगिक अनुमती दिली आणि १९५५ च्या आज्ञापत्रान्वये १९५६ पासून पवित्र आठवड्याची सुधारित उपासना सर्वत्र लागू झाली. आमच्या धर्मग्रामातील नव्वदी गाठलेल्या एका आजींना तो जुना काळ आठवतो. त्या म्हणतात, "फादर, भर उन्हात विस्तव पेटवायचे. ज्वाळ दिसायचीच नाही, नुसता धूर दिसायचा." ज्या अग्नीला पुन्हा रात्र लाभावी म्हणून ख्रिस्तसभेने एवढा विचार केला, तो आम्ही वर्षानुवर्षे चार विटांवर टेकविलेल्या घमेल्यात पेटवीत होतो. त्याला निश्चित जागा असावी, हा पहिला विचार.

दुसरा विचार जागेचाच, पण अधिक अवघड. कट्टा बांधावयाचा तर कोठे? मंदिराच्या मागे, धर्मगुरुनिवासाजवळ, शांत आणि शोभिवंत जागा होती. दुसरी जागा फाटकाजवळची. तेथे रिक्षा उभ्या राहतात, रात्रपाळीचा पहारेकरी बसतो, वाड्यांतील कामे आटोपून परतणारे आदिवासी मजूर थांबतात. बहुतेकांचा कल पहिल्या जागेकडे होता. आम्ही सभेपुढे शुभवर्तमान उघडले. महायाजकाच्या अंगणात मध्यभागी विस्तव पेटवून लोक एकत्र बसले होते आणि पेत्र त्यांच्यामध्ये बसला, असे संत लूक सांगतो. ते लोक म्हणजे चाकर, शिपाई, दासी. संत योहानाने त्या विस्तवासाठी योजलेला 'अँथ्राकिया', म्हणजे कोळशांचा विस्तव, हा ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एकदा अठराव्या अध्यायात, जेथे थंडीने काकडणारा पेत्र आपल्या प्रभूला नाकारतो; आणि दुसऱ्यांदा एकविसाव्या अध्यायात, जेथे पुनरुत्थित प्रभू तिबेरियाच्या किनाऱ्यावर रात्रभर राबून आलेल्या कोळ्यांसाठी निखाऱ्यांवर मासळी भाजून ठेवतो आणि पेत्राला तीनदा तोच एक प्रश्न विचारतो. दोन्ही विस्तव कष्टकऱ्यांचे होते. आपला विस्तव मागच्या अंगणात, निवडक मंडळींपुरता ठेवला तर तो ऊब देईल, परंतु शुभवर्तमानातला राहणार नाही. सभेने फाटकाजवळची जागा निश्चित केली. गरिबांचा मुद्दा काढणारे गृहस्थच प्रथम 'होय' म्हणाले.

बांधकामाविषयी थोडे तपशिलाने लिहितो, कारण अन्य धर्मग्रामांतून विचारणा होते. झाडांच्या फांद्या आणि विजेच्या तारा यांखालची जागा टाळली आणि जवळच्या इमारतीपासून वीस फूट अंतर राखले. खड्ड्याचा आतील व्यास तीन फूट व खोली एक फूट आहे. आमच्याकडे समुद्र जवळ आणि पाणी वर, म्हणून अधिक खोल जाण्यात अर्थ नव्हता. तळाला सिमेंट घातले नाही; खडी आणि वर जाड वाळू पसरली, म्हणजे पाणी मुरून जाते. बाहेरचे कडे जुन्या कुंपणभिंतीच्या काळ्या दगडांचे आहे. पण ओल धरलेला दगड थेट विस्तवाने तापला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो तडकतो, कधी त्याच्या कपच्या उडतात. यास्तव आतून भट्टीच्या विटांचा थर दिला आणि त्यांच्या सांध्यांत सिमेंटऐवजी चिकणमाती भरली. सिमेंटचा सांधा तापून-निवून भेगाळतो, मातीचा सांधा फुटला तरी मुले चिखल कालवून तो भरतात. पावसाळ्यात वर पत्र्याचे झाकण असते.

कड्यापासून चार फूट सोडून दीड फूट उंचीची गोल बैठक आहे. ती पूर्ण वर्तुळाची नाही. हिवाळ्यात रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, धूर पश्चिमेस जातो. म्हणून त्या बाजूचा चतुर्थांश मोकळा ठेवला. उरलेल्या तीस फुटांत पंधरासोळा माणसे ऐसपैस बसतात, दाटीने वीस. वृद्धांसाठी एका भागास पाठ टेकावयास भिंत केली आणि मध्ये चाकाची खुर्ची मावेल एवढी फट ठेवली. दगड आवारातलेच, वाळू व विटा देणगीदाखल आलेल्या, श्रम युवकांचे. मजुरी तेवढी गवंड्याला द्यावी लागली.

सजावट मुलांनी केली. जुन्या धर्मगुरुनिवासाचे छप्पर उतरविले तेव्हा मंगलोरी कौलांचा ढीग पडून होता. या कौलांचा कारखाना १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी काढला होता, हे सांगितल्यावर मुलांचे कुतूहल चाळवले. त्या कौलांचे आणि घरोघरच्या फुटक्या कपबश्यांचे तुकडे घासून त्यांनी बैठकीच्या दर्शनी भागात लहान लहान मासे बसविले. मोजून एकशे त्रेपन्न, तिबेरियाच्या जाळ्यात सापडले तेवढे. एका मुलीने पहाऱ्यावरच्या भय्याजींना विचारून त्यांच्या गावच्या नदीतला मासाही त्यात घातला. कडेला सोनचाफ्याची दोन रोपे लावली, पण आच लागणार नाही इतकी दूर. प्रखर दिवा मुद्दाम लावला नाही; नाताळात कंदील टांगतात, एरवी निखाऱ्यांचा उजेड पुरतो.

जळण म्हणून आंबा-चिंचेच्या पडलेल्या वाळक्या फांद्या, सुरूची लाकडे आणि नारळाच्या करवंट्या वापरतो. ओले लाकूड, रंगविलेल्या फळ्या, प्लायवूड व प्लॅस्टिक यांना पूर्ण बंदी आहे. दम्याच्या रुग्णांची तक्रार खरी असते. म्हणून विस्तव लहान, आठवड्यातून दोनच दिवस आणि रात्री दहापर्यंत असतो. शेजारी वाळू आणि पाण्याच्या बादल्या असतात. मद्यपानाला मज्जाव आहे. थंड झालेली राख केळींना जाते. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या पवित्र झावळ्या येथेच स्वच्छ भांड्यात जाळतो आणि ती राख राखेच्या बुधवारी आपल्या कपाळी येते. अशा रीतीने राखेपासून पास्काच्या अग्नीपर्यंतचा उपासकालाचा सारा प्रवास या एका खड्ड्याभोवती फिरतो.

आता या सर्व खटाटोपातून निष्पन्न काय झाले? आजी मंडळी येथे सामवेदी बोलीत बोलतात आणि इंग्रजी शाळेत जाणारी नातवंडे एकेका शब्दाचा अर्थ विचारतात. घरात दूरदर्शन संच आणि मोबाइल यांच्यापुढे जो शब्द उच्चारायला अवसर नसतो, तो येथे सापडतो. मजूर स्त्रिया रताळी आणतात. पहारेकरी भय्याजी निखाऱ्यांत वांगी भाजून त्यांचा चोखा करतात, लिट्टीबरोबर सर्वांना वाटतात. आमच्या काही भाविकांना प्रारंभी हे रुचले नव्हते. आता चोखा कमी पडतो ही त्यांची तक्रार आहे.

आणखी एक गोष्ट. वाडीच्या वाटणीवरून बारा वर्षे अबोला धरलेले दोन भाऊ आमच्या धर्मग्रामात आहेत. दोघे मिस्साला येतात, पण मंदिरात एक डावीकडे बसतो, दुसरा उजवीकडे. बाके लांब असल्यामुळे एकमेकांकडे न पाहता जन्म काढता येतो. गोल बैठकीत ती सोय नाही. मध्ये विस्तव आणि समोर चेहरा. गेल्या जानेवारीत एका रात्री थोरल्याला गुडघ्याच्या दुखण्यामुळे उठता येईना. धाकटा उठला, हात पुढे केला आणि "दादा, जपून" एवढेच म्हणाला. त्यांचा समेट झाला असे आम्ही म्हणणार नाही. दावा न्यायालयात चालूच आहे. परंतु बारा वर्षांनंतरचे ते पहिले दोन शब्द होते आणि त्यापूर्वीची आमची सारी मध्यस्थी व्यर्थ गेली होती.

उपदेश करणे हा आमचा धर्मच आहे, आणि त्याची मर्यादाही आम्ही जाणतो. व्यासपीठावरून बोलताना श्रोत्यांची तोंडे आमच्याकडे असतात, एकमेकांकडे नसतात. प्रभूनेसुद्धा त्या पहाटे पेत्राला जाब विचारण्याआधी निखारे पेटविले, भाकर आणि मासळी मांडली, 'या, न्याहारी करा' असे बोलावले. प्रश्न त्यानंतर विचारला. क्षमेच्या आधी ऊब लागते, हे त्याने ओळखले होते. नवीन चर्च, नवीन सभागृह, नवीन प्रवेशद्वार यांचे आराखडे आखणाऱ्या आपल्या धर्मग्रामांनी फाटकाजवळची चार पावले जागा अशा ऊबेसाठीही राखून ठेवावी. दगड बहुधा आवारातच पडलेले असतात.