माफी आणि दिलासा

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. इंग्रजी माध्यमात आठवीला आहे. "आबा, हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल एकच ना? दोन्हीचा मराठी अर्थ ऐतिहासिकच येतो."

मी म्हटलं, "एकच नाही. एखादी जुनी सनद दप्तरात सापडली तर ती हिस्टॉरिकल, म्हणजे इतिहासाशी संबंध असलेली. पण १६७४ सालचा शिवराज्याभिषेक हा हिस्टॉरिक. त्या दिवसाने इतिहासच बदलला." मग गाडी रुळावर आली. इकॉनॉमिक म्हणजे आर्थिक, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं. हाउस भिंतींचं, होम माणसांचं. तिचा गृहपाठ झाला, फोन ठेवला. मी मात्र बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. कारण अशाच एका जोडशब्दाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं होतं. आजवर फारसं कुणाला सांगितलं नाही. आज लिहून टाकतो.

मी मराठी माध्यमात बी.ए. झालेला माणूस. शाळेत इंग्रजी शिकवलं ते शब्दकोश उशाशी घेऊन. फुलसावंगीसारख्या गावात इंग्रजीचा मास्तर म्हणजे गावाचा दुभाषा! कोर्टाचा कागद, विम्याचा कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं आधी माझ्याकडे यायचं. खरं सांगायचं तर त्याचा थोडा तोराही होता.

साल २००८. माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. २९ फेब्रुवारीला केंद्राच्या अर्थसंकल्पात शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर झाली. आमचा यवतमाळ जिल्हा तेव्हा आत्महत्यांच्या बातम्यांनी देशभर माहीत झालेला. त्यामुळे गावात आनंद होता. जून संपता संपता बँकांच्या शाखांमध्ये याद्या लागल्या.

माझा एक जुना विद्यार्थी एका संध्याकाळी आला. सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. बँकेत गर्दी होती म्हणून कुणाकडून तरी यादीचं शीर्षक आणि आपल्या नावाची ओळ चिठ्ठीवर उतरवून आणली होती.

"सर, पाहा बरं काय लिवलं हाय. माफ झालं का नाही मायं?"

चिठ्ठीवर लिहिलं होतं 'डेट रिलीफ'. डेट म्हणजे कर्ज. रिलीफ म्हणजे सुटका. मी चष्माही नीट पुसला नाही. "सुटलास बाबा!" असं म्हणून मोकळा झालो. बायकोने चहात जास्तीची साखर घातली.

तुम्ही म्हणाल, यात चूक काय? चूक अशी की त्या योजनेच्या नावातच दोन शब्द होते, वेव्हर आणि रिलीफ. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना वेव्हर, म्हणजे पात्र थकबाकी पूर्ण माफ. दोन हेक्टरच्या वर ज्यांची जमीन, त्यांना रिलीफ, म्हणजे पाऊण हिस्सा तुम्ही मुदतीत भरा, मग पाव हिस्सा सुटेल. आमच्यासारख्या जिल्ह्यांत पाव हिस्सा किंवा वीस हजार, यांत जे जास्त असेल ते. पहिला हप्ता सप्टेंबरअखेर. दोन हेक्टर म्हणजे सुमारे पाच एकर. त्याची जमीन सहा एकर. एका एकराने तो पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीत गेला, आणि त्या दोन याद्यांना आम्ही मराठीत एकच नाव ठेवलं होतं, कर्जमाफी!

त्याची थकबाकी बावन्न हजार. वीस सुटणार, बत्तीस भरायचे. त्याने एक पैसा भरला नाही, कारण सर म्हणाले होते सुटलास. दिवाळीनंतर कापूस विकला आणि माघात लेकीचं लग्न लावून दिलं. २००९ च्या उन्हाळ्यात बँकेचा कागद आला. या वेळी मी चष्मा पुसून वाचला. हात थरथरत होते.

वाईट याचं वाटलं की रिलीफ हा शब्द मला नवीन नव्हता. १९७२ च्या दुष्काळात, कॉलेजात असताना, मी रस्त्याच्या कामावर मस्टर लिहिलं होतं. त्या कामांनाही सरकारी कागदात रिलीफच म्हणायचे. दिवसभर खडी फोडायची, तेव्हा कुठे मजुरी हातात पडायची. रिलीफ फुकट नसतो, ओझं थोडं हलकं होतं इतकंच. डोळ्यांनी पाहिलेला अर्थ मी विसरलो आणि कोशातला तेवढा लक्षात ठेवला.

त्याच्यापुढे मी मान खाली घालून सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, लेकीचं लगन तं झालं ना. ठाऊक असतं तं केलंच नसतं म्या."

त्या वर्षी पाऊसही लांबला. सरकारने मुदत आधी डिसेंबर २००९ पर्यंत आणि पुढे जून २०१० पर्यंत वाढवली, म्हणून निभावलं. त्याने बैलजोडी विकली. कमी पडले ते पंधरा हजार मी दिले. माझ्या चुकीची भरपाई समजून दिले, परतीची अपेक्षा नव्हती.

पुढे मी त्याच्याकडून एक शिकलो. इंग्रजीत म्हणे शब्द फार बारीक. पण आपल्याकडेही पाहा ना. दुकानातून आणतो ते उधार. व्याजाने काढतो ते कर्ज. सरकार शेतीसाठी द्यायचं ती तगाई. आणि शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणतो ते उसनं, त्याला व्याज नाही, पण परत करावंच लागतं. जिथे माणसाला चटका बसतो तिथे भाषा वेगळा शब्द पाडते.

दोन वर्षांनी तो पंधरा हजार घेऊन दारात उभा राहिला. मी म्हटलं, "राहू दे रे, ते तुला दिलेच होते."

"नाही सर," तो म्हणाला, "तुम्ही देले असतील. म्या उसने घेतले होते."

पैसे मोजून घेतले. दुसरा इलाज नव्हता.

नंतर राज्याच्या २०१७ आणि २०१९ च्या योजना आल्या तेव्हा लोक पुन्हा कागद घेऊन आले. मी प्रत्येकाला आधी अटी वाचून दाखवल्या आणि म्हटलं, माझ्यावर जाऊ नका, शाखेत जाऊन विचारा. राइट ऑफ हा शब्द दिसला की तर सांगतोच, बँकेने वहीतून नोंद उतरवली म्हणजे वसुलीचा हक्क सोडला असं नाही. लोक हसतात, म्हातारा फार घोळ घालतो म्हणतात. म्हणोत.

नातीचा काल पुन्हा फोन. "आबा, सिम्पथी आणि पिटी?"

म्हटलं, "थांब. चष्मा पुसतो आधी."