मासाभर दारू

दिवाळीच्या दिवसांत दारूविषयी चार शब्द लिहिले तर वाचकांची हरकत नसावी. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ती काळी दारू. आपल्या भुईनळ्यातल्या दारूच्या कुळातलीच. अमेरिकेत मी मोठमोठे पूल पाहिले, धबधबे पाहिले. पण मनात घर करून राहिली ती मोंटाना राज्यातली एक उघडी टेकडी, आणि तिथे कानावर आलेला मासाभर दारूचा हिशेब.

बिलिंग्जला माझी पुतणी असते. तिथून मोटारीने तासाभरात लिटल बिगहॉर्न नदीचे खोरे लागते. नदीकाठी कॉटनवुडच्या झाडांची हिरवी रेघ, आणि वर एकीमागून एक चढत गेलेल्या गवताच्या टेकड्या. सावली म्हणून नाही. वारा मात्र अखंड. २५ जून १८७६ रोजी लेफ्टनंट कर्नल कस्टर सातवे घोडदळ घेऊन इथे आला, आणि लकोटा, शायेन व अरापाहो लोकांच्या हजारोंच्या छावणीवर चालून गेला. त्याच्याबरोबरच्या सुमारे २१० जणांपैकी एकही वाचला नाही. शिपाई जिथे पडले असे मानतात तिथे पांढरे संगमरवरी दगड उभे आहेत. इथे दोन, तिथे पाच, माथ्याजवळ दाटीने. आपली बायकामुले वाचवताना पडलेल्या योद्ध्यांसाठी मात्र १९९९ पर्यंत एकही दगड नव्हता. आता त्यांचे तांबूस दगडही गवतात दिसतात. ते पाहून बरे वाटते.

आमच्याबरोबर पुतणीच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ होते. जुन्या बंदुकांचा त्यांना भारी नाद. ‘‘काका, यांना बंदुकीचं काही विचारू नका हं, संध्याकाळ होईल,’’ असे पुतणीने आधीच बजावले होते. मी अर्थातच विचारले!

सैन्याची बंदूक होती १८७३ ची स्प्रिंगफील्ड. एकबारी. नळीच्या मागचे झाकण पेटीसारखे वर उघडायचे, एक काडतूस सारायचे, झाकण मिटायचे, बार काढायचा. की पुन्हा पहिल्यापासून. पायदळाला लांब बंदूक, घोडदळाला आखूड कार्बाइन. काडतूस दिसायला एकच, शिशाची गोळीही त्या वेळी एकच, ४०५ ग्रेनांची. आपला जुना तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे गोळी सव्वादोन तोळ्यांची झाली. फरक होता आतल्या दारूत. लांब बंदुकीला ७० ग्रेन, कार्बाइनला ५५. मी मनातल्या मनात हिशेब केला, तर फरक बरोबर १५ ग्रेनांचा, म्हणजे आपला एक मासा!

‘‘मासाभर कमी का?’’

‘‘कार्बाइन हलकी,’’ गृहस्थ म्हणाले. ‘‘बंदूक हलकी तितका खांद्याला दणका जास्त. सत्तरचे चार बार काढले की पाचव्याला शिपाई आधीच डोळे मिटतो. डोळे मिटून मारलेली गोळी जोराची असून काय उपयोग?’’

पराभवाचे खापर पुष्कळांनी काडतुसावर फोडले. त्या वेळची पुंगळी तांब्याची. तापली की नळीत चिकटायची आणि सुरीने उकरून काढावी लागायची. पण १९८३ साली या टेकड्यांवर वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली, आणि १९८४-८५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी ती कसून शोधली. पुंगळीच्या बुडावर उमटलेला ठोका म्हणजे बंदुकीचा अंगठाच. त्यावरून कोणती बंदूक कुठून कुठे गेली तेही लागले. उकरून काढलेल्या पुंगळ्या निघाल्या, पण थोड्या. उलट, एकामागून एक बार काढणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर बंदुका समोरच्या बाजूला होत्या याचा पुरावा भरपूर मिळाला. त्यात कस्टरने आपल्या लोकांच्या वेगवेगळ्या तुकड्या पाडलेल्या. आणि शिपाई पायउतार झाले की चौघांतल्या एकाने घोडे धरायचे, म्हणजे बंदुका तीनच.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांनी आपली लांब स्प्रिंगफील्ड काढली. काटा इवलासा, सोनाराच्या दुकानात शोभेल असा. आधी त्यांनी नळी उजेडाकडे धरून न्याहाळली. मग दारू तोलून दोन फुटी पितळी नळीतून हळूहळू पुंगळीत सोडली. अशाने ती दाट बसते. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. दारू कमी घेतली तर उरलेली जागा भरून काढायची. ‘‘आणि आजची बिनधुराची दारू वजनाला वजन म्हणून हिच्यात घातली, तर बंदूक फुटेल, आणि मीही,’’ असे म्हणून ते हसले.

सुरुवात ५५ पासून. पाच बार, की कागदावरची भोके मोजायची. प्रत्येक बारानंतर नळीत दमट फुंकर, म्हणजे आतली काजळी मऊ राहते. थोडी दारू वाढवून पुन्हा पाच. भोके जवळजवळ येत गेली, आणि ६५ च्या पुढे पुन्हा विस्कटली. ते तिथेच थांबले.

‘‘सत्तर तर सरकारी माप!’’ मी म्हणालो.

‘‘ते बंदूक नवी होती तेव्हाचं. आता हिला काय मानवतं ते हिनंच सांगायचं.’’

मला कालची टेकडी आठवली. सरकारी शस्त्रागाराने शिपायाच्या खांद्याला काय सोसेल याचा हिशेब मासाभरापर्यंत केला होता. समोरच्या छावणीत माणसे किती, याचा मात्र धड अंदाज कुणाला नव्हता.

निघताना गृहस्थ गुडघ्यांवर बसून गवतातली एकेक पुंगळी वेचू लागले. बारा मिळाल्या तरी उठेनात. मी म्हटले, ‘‘एखादी राहिली म्हणून काय झालं?’’

‘‘वा! शंभर वर्षांनी कुणी इथं खणलं, तर म्हणतील इथंही लढाई झाली. कुणाशी, ते शोधण्यात बिचाऱ्यांचा जन्म जायचा!’’