स्टिअरिंग जड का झाले?

वय झालेल्या मोटारीच्या तक्रारी पुष्कळ असतात. त्यांतील बहुतेक कानांना ऐकू येतात किंवा डोळ्यांना दिसतात. स्टिअरिंग जड होणे ही तक्रार मात्र केवळ हातांना कळते, आणि म्हणूनच ती शब्दांत सांगणे कठीण. ‘जड लागते’ एवढेच आपण मिस्त्रींना सांगतो आणि त्या दोन शब्दांवर हजारो रुपयांचा निर्णय होऊन जातो.

आमच्या घरची मोटार बावीस वर्षांची आहे. दर पंधरवड्यास बाबा ती घेऊन बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीस, आमच्या आजोळी जातात. तेथे आजी एकटी असते आणि तिची औषधे पोहोचवायची असतात. मागल्या पावसाळ्यानंतर मोटारीचे स्टिअरिंग जड झाले. वळण संपले तरी चाक आपण होऊन सरळ येईना. ते ओढून आणावे लागे. बाबांचा उजवा खांदा आधीच दुखरा, त्यात घाटातील वळणे एकामागून एक! एका गॅरेजात सांगण्यात आले, की संपूर्ण रॅकच बदलला पाहिजे. खर्चाचा आकडा ऐकून आई मोटार विकण्याच्या गोष्टी बोलू लागली. मोटार गेली म्हणजे आजोळची फेरीही गेली, हे न बोलताच आम्हां सर्वांना कळत होते.

आमच्या शेजारच्या काकांची उमेदीची वर्षे उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप जुळविण्यात गेली. ते म्हणाले, “जड लागते हे समजले. पण केव्हा जड लागते, ते सांगा.”

या प्रश्नाचे मर्म त्यांनीच आम्हांला उलगडून दाखविले. आमच्यासारख्या जुन्या मोटारीत इंजिनावरील पट्टा एक लहानसा पंप फिरवितो. चाक वळविताच एक झडप उघडते आणि दाबाखालील तेल रॅकमधील दट्ट्याला त्या दिशेस ढकलते. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये ही योजना मोटारीत बसवून दाखविली. ग्राहकांच्या हाती ती आली १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इंपीरियल मोटारीतून. हल्लीच्या बहुतेक नव्या मोटारींत तेलाची जागा विजेच्या मोटरने घेतली आहे, त्यांची परीक्षा निराळी.

इंजिन मंद असता जड आणि गती वाढविताच हलके, तर संशय पंपावर किंवा सैल पट्ट्यावर. घसरणारा पट्टा चाक पूर्ण वळविताच किंचाळतो. सकाळी पहिली काही मिनिटे जड आणि मग सुरळीत, तर रॅकमधील सील झिजलेले. पंप गुरगुरतो व तेलाला फेस येतो, तर तेलात हवा शिरलेली. आणि या सर्वांच्या आधी पुढच्या टायरांतील हवा पाहावी! हा बिनखर्चाचा उपाय लोक सर्वांत शेवटी करतात, हे नवलच.

आमच्या एका टायरात हवा कमी निघाली. ती भरल्यावर जडपणा थोडा उतरला. चाकाचे अडकणे तसेच राहिले. तेल खुणेपर्यंत होते, पट्टा ताठ होता, इंजिनाची गती वाढवूनही फरक पडेना. तेव्हा काकांनी मागच्या चाकांना ठोकळे लावले, पुढचा भाग जॅकने उचलून घोड्यांवर टेकविला (नुसत्या जॅकच्या भरवशावर मोटारीजवळ कोणालाही फिरकू दिले नाही) आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश फिरविले. चाकाच्या माथ्यावर आम्ही पांढऱ्या पट्टीची खूण केली होती. खूण उजवीकडे आली की चाक अडके, मग सुटे. अर्ध्या फेऱ्यानंतर, ती डावीकडे आली की पुन्हा अडके. प्रत्येक फेऱ्यात नेमके दोनदा!

काकांचा चेहरा उजळला. तेलाचा दोष असा मोजून फेऱ्यात दोनदा अडत नाही, असे ते म्हणाले. स्टिअरिंगचा दांडा जेथे कोन करून रॅककडे वळतो, तेथे युनिव्हर्सल जॉइंट असतो. गॅरेजात त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. त्याच्या दोन आडव्या आसांपैकी एक गंजून धरला, म्हणजे हीच लक्षणे दिसतात. ओळखीच्या मिस्त्रींनी खुणा करून तो जोड सोडविला. खाली रॅक हाताने अगदी गुळगुळीत फिरला.

“थोडे तेल सोडून पाहू या का?” बाबांनी विचारले. काकांनी साफ नकार दिला. गंजलेल्या बेअरिंगला तेल चार दिवस पुरते, आणि पाचवा दिवस घाटात उजाडू शकतो, असे त्यांचे म्हणणे. ते आम्हांला पटले. नवा जॉइंट रॅकच्या मानाने फारच स्वस्त पडला. त्यानंतरच्या रविवारी बाबा साखळीस जाऊन आले. परतल्यावर त्यांनी खांद्याला चोळायची बाटली मागितली नाही.

जुना जॉइंट आता आमच्या टेबलावर आहे. एका अंगाने तो बोटाने हलतो. दुसऱ्या अंगाने आम्ही भावंडांनी आळीपाळीने जोर लावूनही तो तसूभर वाकत नाही.