काच पुसणारा हात

पावसाळ्यातला पहिला जोराचा पाऊस पडला की आमच्या घरी एक विषय निघतोच. आई आता थकली आहे. तरी थोरल्याच्या उजव्या हाताकडे पाहून ती म्हणते, "चार पैसे वाचवायला पोराला बाहेर उभं केलं तुम्ही." आम्ही भावंडे त्यावर काही बोलत नाही. वडील होते तेव्हा तेही बोलत नसत. कारण चार पैसे वाचवायचा तो हिशेब घरातल्या सगळ्यांनी मिळून केला होता.

वडील दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. काकांच्या मिलच्या फंडाचे पैसे आले तेव्हा दोघांनी मिळून एक जुना फार्गो ट्रक घेतला. असे ट्रक पूर्वी कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बांधले जात. आमचा पेट्रोलवर चालणारा होता. मुंबईहून माल भरायचा, कसारा घाट चढून नाशिकला उतरवायचा, हा आमचा धंदा.

त्या गाडीचा वायपर आजच्यासारखा विजेवर नव्हता, इंजिनच्या ओढीवर चालायचा. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते, पण ॲक्सिलेटर सोडलेला असला की कार्बुरेटरमधली चकती वाट अडवते. मग मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते, तिला मेस्त्री लोक व्हॅक्यूम म्हणतात. तिथून एक रबरी नळी वायपरच्या डब्यात जाते. डब्यात एक पाते असते. त्याच्या एका बाजूची हवा इंजिन ओढून घेते आणि दुसऱ्या बाजूची हवा पात्याला ढकलते. पाते टोकाला गेले की झडप पलटते आणि ते परत फिरते. ना मोटर, ना वायर.

यात एक खोड होती. इंजिन धड असेल तर उभ्या गाडीत ही ओढ पाऱ्याच्या १८ ते २० इंचांपर्यंत भरते. पण ॲक्सिलेटर पूर्ण दाबला की चकती उघडते आणि ओढ जवळजवळ शून्यावर येते. म्हणजे भरल्या गाडीने घाट चढताना, नेमका डोळ्यांवर ताण असताना, वायपर जागीच थांबायचा. उतरताना मात्र सपासप चालायचा. वडिलांनी त्यावर तोड काढली होती. क्षणभर पाय उचलायचा, दोन हात फिरू द्यायचे, पुन्हा दाबायचा. शिवाय निघण्यापूर्वी काचेला ओली तंबाखू चोळायची, म्हणजे थेंब न साचता पाणी सरळ ओघळते.

१९७८ साली पेट्रोल परवडेनासे झाले. डिझेल कितीतरी स्वस्त होते. म्हणून कर्ज काढून आम्ही एक जुने, पण आमच्या गाडीपेक्षा बरेच नवे डिझेल इंजिन बसवून घेतले. घरात पेढे वाटले. मेस्त्रीने गाडी देतानाच सांगितले होते, "दादा, वायपरची नळी लावायला यात जागा नाही. डिझेलला पेट्रोलसारखी चकती नसते, ओढ मिळत नाही. विजेची मोटर बसवून घ्या." मोटरचा खर्च निघाला तेव्हा आम्ही सगळेच म्हणालो, पुढच्या खेपेला बघू.

बंधू-भगिनींनो, पुढची खेप तीन वेळा पुढे गेली.

ऑगस्टमधल्या एका रात्री गाडी घाट चढत होती. आमच्यातला थोरला तेव्हा सतरा वर्षांचा, वडिलांबरोबर क्लीनर म्हणून जायचा. पावसाने समोरचे काही दिसेना. मागे गाड्यांची रांग, थांबायला जागा नाही. थोरला आपणहून ड्रायव्हरच्या बाजूच्या फूटबोर्डावर उभा राहिला. उजव्या हाताने दाराची चौकट धरली आणि डाव्या हातातल्या फडक्याने काच पुसू लागला. ती बाजू समोरून येणाऱ्या गाड्यांची. वरून उतरणारा एक ट्रक अंगाला घासून गेला आणि त्याचे कोपर फुटले. तो पडला नाही हेच नशीब. गाडी थांबेपर्यंत त्याने चौकट सोडली नव्हती.

हात जोडला गेला, पण आजही पूर्ण सरळ होत नाही. दवाखान्यात जे पैसे गेले त्यात कित्येक मोटरी आल्या असत्या.

अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईला १९०३ साली काच पुसण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. आत बसून हाताने दांडी फिरवायची आणि बाहेर पाणी पुसले जायचे. माणसाला पावसात बाहेर यावे लागू नये एवढाच त्यामागचा विचार. आणि आम्ही पंचाहत्तर वर्षांनी आमच्याच मुलाला बाहेर उभे केले.

मग मोटर बसवली. काम अर्ध्या दिवसाचे निघाले. जुन्या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची होती. पण डिझेल इंजिन फिरवायला जोरदार स्टार्टर लागतो, म्हणून इंजिनाबरोबरच बारा व्होल्टची बॅटरी आली होती. वीज होती, जागा होती, फक्त आमची तयारी नव्हती.

आजही हौसेने किंवा गरजेने जुन्या गाडीत नवे इंजिन टाकणारे आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे. जुन्या इंजिनच्या जिवावर गाडीत आणखी काय काय चालत होते, ते आधी मेस्त्रीला विचारा. डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप जोडूनही जुना वायपर चालवता येतो. पण त्याच पंपावर ब्रेकची मदत असेल तर ब्रेकच्या टाकीला स्वतःची एकमार्गी झडप हवी. नाहीतर वायपरची नळी फाटली की ब्रेक जड होईल. एवढ्या यातायातीपेक्षा विजेची मोटर बरी. तिचा खर्च इंजिनच्या खर्चातच धरा, मागाहून नको.

वायपरचा तो जुना डबा आमच्या माळ्यावर अजून आहे. भंगारवाला दोनदा मागून गेला. थोरला म्हणतो, राहू द्या. परवा त्याच्या मुलाने टेंपो घेतला. बापाने चावी हातात घेतली आणि इंजिन न बघता आधी वायपर चालवून पाहिला.