मडकं कोण धरणार

यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’ मी चाळिशीत वाचली, परक्या वाड्यात डोकावावं तशी. १९६५ची कन्नड कादंबरी. तुंगेकाठचं दुर्वासपूर, माध्व ब्राह्मणांची वस्ती. आम्ही सोलापूरकडचे माळकरी कुणबी. सोवळ्याशी आमचा काय संबंध?

गोष्ट सुरू होते ती नारणप्पाच्या मरणानं. त्यानं शाळिग्राम नदीत भिरकावलेला, मांस खाल्लेलं, चंद्री नावाच्या बाईला घरात आणून ठेवलेलं. मुसलमान होईन अशी धमकी होती म्हणून त्याला जातीबाहेर काढायचं राहून गेलेलं. आता अग्नी कुणी द्यायचा? आणि प्रेत उठेपर्यंत कुणी जेवायचं नाही.

ही उपाशी दुपार माझ्या ओळखीची होती. मयत उठेपर्यंत आमच्या आळीतही चूल पेटत नाही. पोथीत लिहिलंय म्हणून नव्हे. शेजारी मढं असताना भाकरीचा वास बाहेर जाऊ द्यायची लाज वाटते म्हणून. आमचं बरं आहे, असं वाटून मी जरा सुखावलोसुद्धा.

मग चंद्री क्रियाकर्मासाठी अंगावरचे दागिने काढून ठेवते, आणि कालपर्यंत नाक मुरडणाऱ्यांची नजर त्या सोन्यावर खिळते. तिथं मात्र मला आमचे चुलत आजोबा आठवले.

ते गेले तेव्हा मी दहावीत होतो. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. पंधराएक वर्षं एक बाई त्यांच्याबरोबर राहत होती. तिची जात सगळ्यांना ठाऊक होती, तिच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं. वाळवंटात अनोळखी वारकऱ्याच्या पायावर डोकं ठेवणारी माझी आजीसुद्धा नाही. शेवटच्या दुखण्यात त्यांचं सगळं त्या बाईनंच केलं. तिकडं भावकी फिरकली नव्हती. त्या दिवशी मात्र तीन पुतणे मडकं धरायला पुढं. मडकं ज्यानं धरलं त्याला जमिनीत वाटा, अशी गावाची समजूत. सकाळी गेलेला माणूस दुपार टळली तरी अंगणातच. भजनी मंडळी टाळ मांडीवर घेऊन ताटकळलेली. बाई गोठ्याच्या कडेला बसून होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

कादंबरीतली चंद्री निदान हातपाय हलवते. एका मुसलमान मासेवाल्याच्या मदतीनं ती रातोरात प्रेत जाळून टाकते. वस्तीला पत्ता नसतो. आणि वस्तीचे पंडित प्राणेशाचार्य? ते पोथ्या उलगडतात, मारुतीपुढं कौल मागत बसतात, आणि आपल्याला उत्तर सापडत नाही हे कबूल करतात. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांचा नियम पोथीत होता, म्हणून पोथीशी झटता तरी आलं. आम्ही कशाशी झटणार? आमच्यात जात मानतच नाहीत, हे लहानपणापासून पाठ होतं.

आजोबा गेले त्या दिवशी संध्याकाळी आजीनं पितळी डब्यात पिठलं-भाकरी घालून मला त्या घरी पाठवलं. शेजारधर्म चुकवायची नाही ती. बाईनं डबा घेतला, पाण्याचा तांब्या पुढं केला. एप्रिलचा उन्हाळा, घसा कोरडा पडलेला. मी म्हणालो, “तहान नाही.”

“बरं बाळा,” ती म्हणाली. “डबा घासून ठेवते, सकाळी ने.”

सकाळी मी तो आणला. लख्ख घासलेला होता. आजीनं तो चुलीतल्या आरावर उपडा घातला, हात धुतले आणि हरिपाठाला बसली.