पानफुटीबाईंना अनावृत पत्र

सौ. पानफुटीबाई यांस,
मुक्काम : गच्चीचा कोपरा, पुणे.

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, पाऊस गेला. ऑक्टोबरचं ऊन चटके देतंय, पण पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं. म्हणजे भाजी पेरायला हरकत नाही. मेथी तिसऱ्याच दिवशी वर आली. धने रगडून पेरले, तरी कोथिंबीर आठवडा उलटून दर्शन द्यायला तयार नाही. तापल्या मातीत पालक नीट उगवत नाही, म्हणून दुपारपुरती त्याच्यावर जुनी साडी बांधतो. मटाराला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय.

आता तक्रार. आपली पानं वाऱ्याने मेथीत पडतात आणि तिथेच संसार थाटतात. काल एक उचलून पाहिलं : कडेच्या खाचाखाचांत रोपटी, नखाएवढी दोन-दोन पानं, खाली बारीक पांढरी मुळं. बाई, जागा मेथीची आहे!

दुसरं असं, की घरच्या मंडळींचा हात सढळ. पालकाला पाणी घालता घालता आपल्यालाही पाजतात. पालक तहानला की माना टाकतो, कळतं तरी. आपण मात्र पाणी जास्त झालं तरी अवाक्षर काढत नाही. बुंधा मऊ पडल्यावर बातमी लागते. इतकी भीड बरी नव्हे.

तशी आपली ओळख जुनी. शाळेत भूगोलाच्या वहीत आपलं पान दाबून ठेवलं होतं. माती नाही, पाणी नाही, तरी त्याला मुळं फुटली. ओरडायचं सोडून बाईंनी ती वही वर्गभर फिरवली. भूगोलात मिळालेलं तेवढंच कौतुक. त्याबद्दल आभारी आहे.

आपल्याविषयी पत्र लिहिणारा मी काही पहिला नव्हे. कंपनी सरकारच्या चाकरीतल्या बेंजामिन हाइन यांचं पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली छापलं. गृहस्थांनी आपली पानं चक्क चावून पाहिली होती! सकाळी आंबट, दुपारी बेचव. कारण पुढे उमगलं. आपण पानांची छिद्रं रात्री उघडता, गारव्यात कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं आम्ल करून ठेवता आणि दिवसा दारं लावून तेच वापरता. मग पाणी उडणार कुठून? मेथी-पालकाचं तसं नाही, त्यांची छिद्रं भर उन्हात उघडी. म्हणून त्यांना रोज पाणी, आणि आपल्याला माती पार सुकल्यावरच. हे घरी समजावून झालंय. मान डोलावतात आणि झारी उचलतात.

तेव्हा विनंती अशी, की आपण टाकीपलीकडे मुक्काम हलवावा. तिथे ऊन आहे, झारी पोचत नाही आणि रस्त्यावरचा दिवाही नाही. कळ्या धरायला आपल्याला लांब रात्र लागते, ती तिथे मिळेल. पोरांची सोय शेजाऱ्यांकडे लावणार होतो, पण त्यांनी आधीच नकार कळवला आहे. त्यांच्याकडेही आपलीच आहेत.

कळावे, लोभ असावा, पिलावळ आवरावी.

आपला,
गच्चीवरचा पाणक्या