छायाचित्राच्या कडा

छायाचित्र काढणाऱ्याचे लक्ष माणसाच्या चेहऱ्यावर असते, पण चेहऱ्यासोबत भोवतालचेही बरेच काही भिंगातून आत शिरते, आणि चार-पाच दशकांनी घरातली माणसे तो फोटो हातात घेतात तेव्हा त्यांची बोटे आधी जातात ती या कडेला आलेल्या गोष्टींकडे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील जुन्या घरांत दारावर तिरक्या टांगलेल्या तसबिरी आणि कपाटातले अल्बम पाहिले की याची खात्री पटते. ओसरीवर काढलेल्या एखाद्या फोटोत नऊवारीतली आजी खुर्चीवर ताठ बसलेली असते. तिच्या मागे खुंटीला अडकवलेले घोंगडे, भिंतीला टेकवलेले सूप, सारवलेल्या जमिनीवरचा पितळी तांब्या आणि चौकटीत अर्धेच आलेले वासरू असते. आजीचा चेहरा घरच्यांना आठवत असतोच. सूप कुठे ठेवत असत, हे मात्र फोटो नसता तर कोणालाही सांगता आले नसते.

याच जिल्ह्यातील शिर्डीच्या साईबाबांची हयातीतली छायाचित्रे मोजकीच आहेत. बाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी देह ठेवला, तोवर खेड्यात कॅमेरा क्वचितच दिसे. त्या थोड्या छायाचित्रांनी पुढे केवढे काम केले, हे पाहण्याजोगे आहे. समाधिमंदिरातली संगमरवरी मूर्ती १९५४ मध्ये बसवली गेली. ती घडवणारे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांना आधार होता तो कृष्णधवल छायाचित्राचा. परंतु बाबा राहत त्या द्वारकामाई मशिदीच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाबांच्या छायाचित्रात आणखी एक माणूस आहे, त्याच्याकडे अधिक आस्थेने पाहावेसे वाटते. बाबांवर छत्री धरणारा हा भागोजी शिंदे. तो कुष्ठरोगी होता, आणि धुनीत भाजलेल्या बाबांच्या हाताला तूप चोळून पट्टी बांधण्याची सेवा तो नित्य करीत असे. त्याला ओळखणाऱ्यांनी त्याचे नाव सांगितले, लिहिले, म्हणून आज तो तिथे ओळखीने उभा आहे. नाव पुसले गेले असते तर तो केवळ छत्री धरणारा एक हात उरला असता.

स्टुडिओतल्या फोटोंना अशा कडा नसतात. रंगवलेला पडदा, त्यावरचे खांब आणि तळे, शेजारी कागदी फुलांची कुंडी या साऱ्यांनी माणसाला त्याच्या गावापासून तोडलेले असते, त्यामुळे ते फोटो देखणे असले तरी फारसे बोलत नाहीत. घरगुती कॅमेऱ्याने ही उणीव भरून काढली. भारतात तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा अनेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. त्यात १२० क्रमांकाच्या, म्हणजे कागदी पाठ असलेल्या रुंद फिल्मच्या, एका रोलवर बारा चौकोनी चित्रे येत. बाराच संधी असल्याने फोटो काढण्यापूर्वी विचार होई, आणि अवर्षणाच्या या मुलखात विहिरीला लागलेले पाणी किंवा दारात आलेली नवी बैलजोडी यांचा मान बारशाइतकाच ठरे.

हा ठेवा टिकण्याची रीतही लक्षात घ्यावी लागते. कृष्णधवल छायाचित्रातली प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. प्रकाश लागलेले चांदीचे क्षार रसायनात काळे होतात, उरलेले ‘हायपो’ नावाच्या द्रावणाने काढून टाकतात आणि कागद भरपूर पाण्यात धुतात. ही धुलाई नीट झाली असेल तर प्रत शंभर वर्षेही टिकू शकते. रंगीत प्रतीतली प्रतिमा मात्र रंगद्रव्यांची असते, ती द्रव्ये सारख्या वेगाने विटत नाहीत, आणि जुन्या प्रतींत निळसर छटा बहुधा आधी जाते; म्हणून पणजोबांचा फोटो स्वच्छ राहतो आणि १९७०-८० च्या सुमारास झालेल्या लग्नाचा अल्बम तांबूस पडतो. चिकट पानांचे अल्बम तर फोटोचे वैरीच, कारण त्यांतला गोंद कागदात मुरतो आणि फोटो सुटा करू पाहिला की फाटतो.

कागद वाचला तरी जागा वाचतेच असे नाही. गोदावरीवरचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या नाथसागर जलाशयाच्या फुगवट्यात याच जिल्ह्यातल्या शेवगाव व नेवासा तालुक्यांतील नदीकाठची गावे उठली. अशा गावातून निघालेल्या कुटुंबाच्या ट्रंकेत एखादा लग्नाचा फोटो असेल, तर नवरा-नवरीच्या मागे दिसणारा पार, देवळाची पायरी, वाड्याची चौकट हीच त्या गावाची शिल्लक असते. पण ती पायरी कोणत्या देवळाची, हे सांगणारे माणूस गेले की तो फोटो कोणत्याही गावाचा होतो.

मोबाइलमधल्या फोटोवर तारीख आणि पुष्कळदा ठिकाणही आपोआप नोंदले जाते, नाती मात्र नोंदली जात नाहीत, आणि हजारो फोटोंच्या गर्दीत ती सांगायला कोणी बसत नाही. जुन्या प्रतीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, जोर न देता, डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. गुळगुळीत रंगीत प्रतीवर पेन्सिल उमटत नाही, तिथे वेगळी वही करावी. वडीलधाऱ्यांना विचारताना केवळ माणसांची नावे घेऊन थांबू नये. मागची विहीर कोणी खणली, बैलांना काय हाका मारीत, तो तांब्या पुढे कोणाकडे गेला, हेही लिहून घ्यावे, कारण नातवंडे फोटोवर बोट ठेवून नेमके तेच विचारतात.